पातीच्या कांद्याचे फटके

तूरान खानमचं नाक डावीकडे वाकलेलं होतं, आणि बालवाडीत नव्याने आलेलं प्रत्येक मूल पहिल्या आठवड्यात त्याबद्दल विचारायचंच. मोठ्या माणसांना ती सांगायची, दार लागलं. मुलांना मात्र खरं ते सांगायची.

"नवऱ्याने मारलं."

"कशाने?"

"कपडे धुवायच्या धोपटण्याने."

"मग तू काय केलंस?"

"रडले."

"मग?"

"मग हमदानहून तेहरानची बस पकडली."

"तो शोधत नाही आला?"

"दोनदा आला. दुसऱ्या वेळी माझ्या भावाने त्याला जिन्यावरून ढकललं."

यावर मुलं खदखदून हसायची. माझ्या पेजमानने हे सगळं एका शुक्रवारी रात्री, मेणबत्त्या लावून सगळे जेवायला बसले असताना, साभिनय करून दाखवलं. सासूबाईंच्या हातातला भाताचा चमचा तसाच राहिला. दुसऱ्या आठवड्यात मी तरातरा बालवाडीत गेले.

"मुलांना असलं सांगतात का, तूरान खानम?"

"मग कसलं सांगू? फारोने तान्ही बाळं नदीत फेकली, ते सांगितलेलं चालतं ना तुला?"

"ते वेगळं. ते धर्मातलं आहे."

"काइनाने सख्ख्या भावाला ठेचलं, तेही धर्मातलं. पोरांना धर्मातला मार कळतो आणि घरातला कळत नाही, असं तुला वाटतं का गं?"

मी फणकाऱ्याने परत आले. बाई तोंडाळ आहे असं सगळ्यांना सांगत सुटले. तरी पेजमानला तिथून काढलं नाही, कारण आमच्या ज्यू मोहल्ल्यात बावीस वर्षं सगळ्यांची पोरं तूरान खानमच्याच हाताखालून गेली होती. शिवाय त्या वसंतात पोरांना ठेवायला तिच्याइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती. रोज इराकची दोन-चार क्षेपणास्त्रं तेहरानवर पडत होती. निम्मं शहर डोंगराकडे पळालं होतं, शाळा बंद होत्या. बालवाडी तेवढी सिनेगॉगच्या तळघरात होती, म्हणून तूरान खानमने ती नवरोजच्या सुट्टीतसुद्धा बंद ठेवली नाही. एकतीस मुलांची अकरा उरली होती.

ती अकरा मुलं तिथे काय शिकायची, ते मला घरी बसून कळायचं. हात धुताना तांब्यातून आधी उजव्या हातावर, मग डाव्यावर. सफरचंदाचा आशीर्वाद वेगळा आणि काकडीचा वेगळा, कारण एक झाडावरचं, दुसरं जमिनीवरचं. धमाका ऐकू आला की उजवा हात डोळ्यांवर घट्ट ठेवायचा आणि शमाची प्रार्थना म्हणायची. हात काढला की एकमेकांना मोजायचं. आपल्यात माणसं मोजत नाहीत, नजर लागते, म्हणून पोरं ओरडायची, "एक नाही, दोन नाही, तीन नाही." अकरा नाहीपर्यंत पोचले की तूरान खानम म्हणायची, "चला, सगळे आहोत. अलेफ गिरवा."

वर्गाचा नियम एकच होता. हात धुवायला, हात डोळ्यांवर ठेवायला, हात दुसऱ्याच्या हातात द्यायला. मारायला हात नाही. या नियमाला वर्षातून एकदा सुट्टी मिळायची, मिसर देशातल्या गुलामीतून सुटल्याच्या, वल्हांडणाच्या सणाला.

आमच्यात सणाच्या रात्री दायेनूचं गाणं सुरू झालं की घरातलं प्रत्येक माणूस पातीचा कांदा उचलतो आणि दिसेल त्याला हाणतो. मिसरमधल्या मुकादमांनी आपल्या बापजाद्यांना चाबकाने फोडलं, त्याची ही आठवण. त्या रात्री लहान-थोर काही राहत नाही. सून सासूला मारते, नातू आजोबांना. बालवाडीत या मारामारीची तालीम दहा दिवस आधी सुरू व्हायची. एक मूल मुकादम, बाकीची गुलाम. गुलामांनी लाकडी ठोकळ्यांच्या विटा रचायच्या, मुकादमाने कांद्याने बडवायचं आणि ओरडायचं, "भराभर, आळशांनो." मग पाळी बदलायची.

तालमीच्या तिसऱ्या दिवशी गीतीची पाळी आली.

गीती म्हणजे हश्मतची मुलगी. बाजारात पडद्यांच्या कापडाचं दुकान असलेला तो आगा हश्मत. मोठा गोड माणूस, येताजाता पोरांच्या हातावर खजूर ठेवायचा. गीती साडेपाच वर्षांची, न बोलणारी, उन्हाळा-हिवाळा जाड लोकरी मोजे घालणारी. त्या दिवशी तिच्यासमोर गुलाम म्हणून आला माझा पेजमान.

"जोडे काढ," गीती म्हणाली.

"का?"

"काढ म्हटलं ना. मोजेपण. आता आडवा हो. पाय खुर्चीवर."

पेजमानला वाटलं, नवीन खेळ. तो हसत आडवा झाला. गीतीने टोपलीतले तीन कांदे एकदम उचलले. बाकीची पोरं कांदा बुडख्याकडून धरायची आणि पातीने मारायची. हिने हिरवी पात तळहाताभोवती दोन वेढे गुंडाळली, पांढरे कांदे बाहेर लोंबते ठेवले आणि खांद्यापासून हात उचलून त्याच्या तळव्यांवर हाणला.

"एक."

पोरं हसली.

"दोन. तीन. रडायचं नाही. रडलास तर पहिल्यापासून."

चौथ्याला पेजमान रडला. गीतीने शांतपणे पुन्हा सुरुवात केली. "एक."

तूरान खानमने खोलीच्या त्या टोकाहून धावत येऊन तिचं मनगट धरलं. मनगट अजिबात ओढ घेत नव्हतं, असं तिने मला नंतर सांगितलं. गीतीने कांदे खाली ठेवले आणि विचारलं, "आता मी आडवी होऊ?"

"नाही, बाळा."

"मी चुकले ना?"

"तुझे मोजे मी काढू का जरा?"

"नको. बाबा म्हणतात, बाहेर मोजे काढायचे नाहीत."

यातलं मला त्या दिवशी एवढंच कळलं की माझं पोर तळवे लाल करून घेऊन आलं आहे. संध्याकाळी खाटकाच्या दुकानात आगा हश्मत रांगेत पुढे उभा होता. मी हसत हसतच म्हटलं, "आगा हश्मत, तुमची लेक भलतीच कडक मुकादम निघाली हो. आमच्या पोराचे जोडे काढून तळव्यांवर फटके दिले तिने."

तोही हसला. "जोडे काढून?"

"हो ना. वर म्हणते, रडलास तर पहिल्यापासून."

"अस्सं. बघतो हं मी," तो म्हणाला. मला आपला नंबर देऊन तो मागे उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी गीती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती पावलांच्या कडांवर चालत. पेजमानने मला घरी चालून दाखवलं. "अशी. बदकासारखी."

त्याच संध्याकाळी तूरान खानम माझ्या दारात उभी. चहा नको म्हणाली, बस म्हटलं तर बसली नाही.

"तू हश्मतला काय सांगितलंस?"

"काही नाही, गंमतीत म्हटलं, की..."

"तुझ्या पोराचे तळवे आता कसे आहेत?"

"बरे आहेत."

"आज हात धुवायच्या जागी तिने मला एक मोजा काढू दिला. एकच. पट्ट्याच्या बकलाचा वळ चौकोनी उठतो. कडेला जुने, पिवळे पडलेले, मधे नवे, फुटलेले. तू जे गंमतीत बोललीस ना, ते मधले."

मग मीच खाली बसले.

"हाखामांना सांगू या," मी म्हटलं. हाखाम म्हणजे आमच्या सिनेगॉगचे धर्मगुरू.

"तिथूनच येतेय. ते म्हणाले, तूरान खानम, वरून क्षेपणास्त्रं पडताहेत, पुरुषाचं डोकं ठिकाणावर कसं राहील. सण होऊन जाऊ दे, मग समजावू. मी म्हटलं, हाखामसाहेब, क्षेपणास्त्र पोरीला जोडे काढायला सांगत नाही. तर म्हणाले, घरातली गोष्ट आहे, जपून बोला."

"मग सण होऊ दे की. आठ दिवसांनी..."

"आठ दिवसांनी कोण असणार आहे इथे? गुरुवारी बालवाडीचा सण झाला की तो दोघींना घेऊन दमावंदला जातोय. बागेतलं घर. शेजार नाही, पाजार नाही. लढाई संपेपर्यंत तिथेच."

"फरंगीस काय म्हणते?" फरंगीस गीतीची आई.

"फरंगीस काही म्हणत नाही. तिचेही मोजे जाडच आहेत."

"मग आपण काय करायचं?"

"मला माहीत असतं, तर तुझ्या दारात आले असते का?" असं म्हणून ती जिना उतरून गेली. त्या रात्री मी पेजमानचे पाय मांडीवर घेऊन बसले. तो झोपेत म्हणाला, गुदगुल्या होतात.

गुरुवारी सकाळी तळघरात जेवणाचं लांबलचक कापड, सफरा, अंथरलं होतं. त्यावर बेखमीर भाकरी, उकडलेली अंडी, सेलरीची पानं आणि शिरक्याचे वाडगे, खजूर-अक्रोडाचा हलेग. मुलं पुढे, आईबाप मागे, टोकाला खुर्चीवर हाखाम. तीसेक माणसं होतो आम्ही. आगा हश्मत नव्या कोटात, पोरांना डोळे मिचकावत. त्याची गाडी सामान भरून बाहेर उभी होती. वरच्या बाजूला बांधलेल्या गाद्या मी येताना पाहिल्या होत्या.

पोरांनी सणाचे ठरलेले चार प्रश्न म्हटले. मग मिसरवर आलेल्या पीडांचं नाटक: बेडूक झाले, उवा झाल्या, टोळ झाले. शेवटी थोरली मुलं मरतात तिथे सगळी पोरं आडवी पडली आणि कोण जास्त वेळ मेलेलं राहतं यावर भांडली. मग दायेनू सुरू झालं आणि कांदे वाटले गेले.

मी सासूबाईंना मनापासून फटके हाणले. त्या म्हणाल्या, "वर्षभराचं काढतेस का, भवाने?" आणि दुप्पट परत केले. सगळीकडे सपासप, हशा, किंचाळ्या, डोळ्यांतून पाणी. बावीस वर्षांत तूरान खानमने या वेळी कधी कांदा हातात धरला नव्हता. ती चहाच्या सामोवारजवळ उभी राहायची. त्या दिवशी ती टोपलीकडे गेली, मोठे तीन कांदे निवडले आणि गर्दीतून वाट काढत आगा हश्मतसमोर येऊन उभी राहिली.

पहिला फटका खांद्यावर बसला.

"वा, तूरान खानम," तो हसला. "आज उजाडलं म्हणायचं."

लोकही हसले. कोणीतरी ओरडलं, "द्या, द्या, कापडाचे भाव फार चढवलेत त्याने."

तिने हिरवी पात तळहाताभोवती गुंडाळली. एक वेढा, दुसरा वेढा.

"एक," ती म्हणाली. कांदे त्याच्या कानावर बसले.

"दोन." गालावर.

"पुरे, पुरे," तो अजून हसत होता, पण ओठांनी नुसता.

"हसलात? मग पहिल्यापासून. एक."

हा डोळ्यावर बसला. कांदा फुटला. भुवई फाटून रक्त आलं आणि उग्र वासाने आजूबाजूचे खोकायला लागले. गाणं कडेकडेने बंद पडत गेलं. "दोन," तूरान खानम म्हणाली. "तीन. पाय वर करा, आगा. चार." तिचा आवाज अगदी सपाट होता, पोरांकडून अंक म्हणून घेताना असायचा तसा. पाचव्याला कांदे संपले, तिच्या हातात चिखल झालेली पात उरली, तर ती त्याच पातीने मारत राहिली.

हश्मतने तिच्या तोंडावर हाताची मूठ मारली. थप्पड नव्हे, मूठ. ती सफऱ्यावर आडवी पडली, शिरका सांडला, अंडी घरंगळत पोरांच्या पायांत गेली. मग त्याने तिच्या बरगडीत लाथ घातली. एक. दुसरीही. बुटाचा तो आवाज मला आजही ओळखता येईल. आणि आम्ही तीस माणसं, त्यातले बारा धडधाकट पुरुष, कांदे हातात धरून बघत होतो.

त्या शांततेत गीती खाली बसली.

तिने जोड्यांचे बंद सोडले. उजवा जोडा काढला, डावा काढला, दोन्ही नीट शेजारी शेजारी ठेवले. मग मोजे. ते चिकटले होते, म्हणून ती ओठ दाबून हळूहळू सोलत गेली. घरात एकाला मार बसला की पुढची पाळी आपली, हे तिला ठाऊक होतं. ती गालिच्यावर पाठ टेकून आडवी झाली आणि जवळच्या खुर्चीवर तिने पाय ठेवले. खुर्ची हाखामांची होती. तळवे त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

हाखामांनी चष्मा काढला. पुन्हा घातला.

"बाबा," गीती वर बघत म्हणाली, "मी रडणार नाही."

"ऊठ," हश्मत म्हणाला. "मूर्ख कुठली. मोजे घाल. फरंगीस, उचल तिला, गाडीत बसा."

फरंगीस उठली. तिने पोरीला उचललं, मोजे तिथेच राहू दिले, आणि दरवाज्याकडे न जाता सफऱ्यावरून, भाकऱ्या तुडवत, तूरान खानमजवळ जाऊन बसली.

"मी येत नाही," ती म्हणाली. लग्नानंतर तिचा आवाज मी बहुतेक पहिल्यांदाच ऐकला. "तुम्ही जा दमावंदला."

तो तिच्याकडे निघाला तेव्हा कुठे आमच्या पुरुषांना हातपाय फुटले. माझ्या नवऱ्याने त्याला मागून धरलं. त्याने कोपराने माझ्या नवऱ्याचा दात पाडला. चौघांनी मिळून त्याला जिन्यावरून वर ओढत नेलं, तो प्रत्येक पायरीवर कोणाला ना कोणाला लाथ घालत होता. हाखाम उठले नाहीत. गीतीचे पाय जिथे होते तिथे त्यांचा हात तसाच उघडा राहिला होता. "दार लावून घ्या," एवढंच ते म्हणाले.

सणाच्या दोन्ही रात्री फरंगीस आणि गीती माझ्या घरी होत्या. तिसऱ्या दिवशी हश्मत आला. आधी खजुराचा डबा घेऊन, गोड बोलत. दार उघडलं नाही तेव्हा त्याने बिजागरीसकट ते आत पाडलं. माझ्या सासूबाई सामोवारचं उकळतं पाणी घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "ये," त्या म्हणाल्या, "आमची पाळी अजून झाली नाही." तो गेला. त्यानंतर हाखाम स्वतः त्याच्या दुकानात जाऊन बसले, आठ महिने, दर मंगळवारी, गिऱ्हाइकांच्या समोर. शेवटी त्याने सोडचिठ्ठीच्या कागदावर सही केली. तेव्हा फरंगीस पोरीला घेऊन शिराझला भावाकडे राहत होती. पोरीला मागायला तो तिकडे कधी गेला नाही.

तूरान खानमला बालवाडीतून काढलं. सिनेगॉगच्या समितीने बोलावून सांगितलं की शिक्षिकेने मुलांसमोर हात उचलला. सगळ्यांना वाटलं, ही आता यांची सालटी काढणार. ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. मारायला हात नाही, हे मुलांना मीच शिकवलं होतं." दोन बरगड्या मोडल्या होत्या, म्हणून ती हळू बोलत होती.

मी तिला एकदा विचारलं, "ठरवून केलंत?"

"पहिला फटका ठरवून. तो चिडेल, हात उचलेल, लोक बघतील, एवढंच डोक्यात होतं. पुढचे मोजत होते खरे, पण ते मी कोणाला मारत होते ते मलाच माहीत नाही. हमदानवाल्यालाही बसले असतील त्यातले काही."

पुढच्या हिवाळ्यात शिराझहून फरंगीसचं पत्र आलं. गीतीला तिकडच्या शाळेने घरी पाठवलं होतं. तिने एका मुलीला जिन्याखाली नेलं, जोडे काढायला लावले. मामाच्या मुलाचा हात दारात चेंगरला. रात्री ती आईला झोपेत मारते. भाऊ म्हणतो, बापाचं रक्त आहे. मी काय करू, फरंगीसने विचारलं होतं.

तूरान खानमने पत्र दोनदा वाचलं, बोचकं बांधलं आणि रात्रभराच्या बसने शिराझला गेली. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेलेली बाई तिथे तीन वर्षं राहिली, सकाळी एका बेकरीत काम करत आणि दुपारी गीतीला घेऊन बसत. पहिल्या महिन्यात तिने आम्हाला फोन केला. लाइन खराब होती, मी मोठ्याने विचारलं, "पोर कशी आहे?"

"चावली मला काल. मनगटाला. रक्त काढलं."

"अगं बाई."

"मी हात काढून घेतला नाही. तिचं चावून झाल्यावर ती माझ्या दुसऱ्या हाताकडे बघत बसली. बराच वेळ बघत होती. मी त्या हाताने डाळ निवडत होते, ती निवडत राहिले."

"मग?"

"मग आज पुन्हा चावली," तूरान खानम म्हणाली. "पण हळू."